उपवासाच्या भगरीची चौकशी

सरिता : दोनच वाक्यं आहेत काकू. गुंजननं तुमच्या भगरीच्या गंजाले हात लावला तेव्हा तुम्ही काही म्हटलं नाही. मी लावला तेव्हा म्हटलं. एवढंच सांगाचं आहे आत.

भागीरथाबाई : हळू बोल वो. दाराच्या पल्याड ऐकू जाते.

सरिता : जाऊ द्या. ऐकाले तं बसले आहेत थे. चौकशी समिती आहे, दुसरं काय काम आहे त्यायले आज?

भागीरथाबाई : सकाळपासून पाण्यावरच आहे मी.

सरिता : काही खाल्लं का नाही?

भागीरथाबाई : आज चतुर्थी ना. आता चंद्र पाह्यल्यावरच.

सरिता : यायले चौकशीले दिवस बी चतुर्थीचाच सापडला.

भागीरथाबाई : असं बोलू नये. बरंच आहे उलट. उपासाच्या दिवशी माणूस जिभेले जपते.

सरिता : खोटं बोलाले मी तुमाले सांगतच नाही. जे झालं थे सांगा. एक डाव माह्यासमोर म्हणून पाहा बरं. समजा समितीच्या मॅडमनं विचारलं, भागीरथाबाई, काय झालं होतं त्या दिवशी?

भागीरथाबाई : मी म्हणीन, श्रावणातला दुसरा सोमवार होता. दवाखान्याच्या किचनमध्ये आम्ही तिघी होतो. मी, सरिता अन् गुंजन. सरिता मोठ्या शेगडीवर पेशंटच्या उपासाची ताटं करून राह्यली होती. माह्यी भगर कोपऱ्यातल्या लहान शेगडीवर होती, घरून आणलेल्या पितळी गंजात. मी ट्रॉली घेऊन वरच्या वॉर्डात गेलती. आली तं गंज खाली उतरवलेला.

सरिता : कोणी उतरवला?

भागीरथाबाई : तू.

सरिता : काऊन?

भागीरथाबाई : बुडाले लागून राह्यली होती भगर. वास सुटला होता म्हणे.

सरिता : म्हणजे वाचवली मी.

भागीरथाबाई : वाचवली. थे बी सांगीन मी. नाही कशी सांगीन?

सरिता : मंग?

भागीरथाबाई : मंग मी म्हटलं, राहू दे सरिता, याले हात नको लावत जाऊ.

सरिता : अन् भगर?

भागीरथाबाई : गायीले घातली. मागच्या फाटकापाशी येते ना ती लाल.

सरिता : तिनं खाल्ली?

भागीरथाबाई : खाल्ली. का बरं?

सरिता : काही नाही. तिले चालली, म्हणून विचारलं.

भागीरथाबाई : तुले हसू सुचते. मी त्या दिवशी दिवे लागेपर्यंत नुसत्या पाण्यावर होती.

सरिता : मले माहीत नाही का? दोनदा मीच विचारलं तुमाले, केळं आणून देऊ का म्हणून. तुम्ही नको म्हटलं. मले वाटलं, पोट दुखत असंल.

भागीरथाबाई : मी तुले तोडून बोलली नाही सरिता. आठव बरं. आवाज चढवला का मी?

सरिता : नाही. तुम्ही कधीच चढवत नाही. मंग आदेश सर आले किचनमध्ये, आपले किचनचे साहेब. ते म्हणाले, काकू आज जेवल्या नाहीत वाटते. तेव्हा तुम्ही काय सांगतलं?

भागीरथाबाई : म्हटलं, फराळाचं जरा शिवलं गेलं, राहू द्या.

सरिता : कोणी शिवलं, हे त्यायनं विचारलं?

भागीरथाबाई : नाही विचारलं.

सरिता : तिथं दोघीच होतो आम्ही. मी अन् गुंजन. त्यायनं विचारलं नाही अन् तुम्ही सांगतलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी भिंतीवर कामाचा तक्ता लागला तं त्यात गुंजन शेगडीपाशीच होती अन् मी भांडे धुवाच्या हौदापाशी. त्यायले कसं समजलं काकू?

भागीरथाबाई : आता मी काय सांगू त्यायच्या मनातलं.

सरिता : त्यायच्या नका सांगू. तुमच्याच हातचं सांगा. आधीच्या सोमवारी गुंजननं तुमच्या त्याच गंजातली भगर डावानं हलवली. मीठ टाकलं, झाकण ठेवलं. मी तिथंच मिरच्या निवडत होती. तुम्ही आल्या, बसल्या अन् जेवल्या. तिले म्हटलं, पोरी, मीठ बरोब्बर पडलं.

भागीरथाबाई : गुंजन लेकरू आहे.

सरिता : तेवीस वर्षांचं लेकरू. लग्न होऊन यवतमाळकडं गेलं, नाही तं आज तिलेच आणलं असतं साक्षीले. तुमाले तरास दिला नसता.

भागीरथाबाई : अन् मंग ती आपल्यातली...

सरिता : कोणातली?

भागीरथाबाई : म्हणजे घरच्यासारखी. शब्दात नको धरू माय.

सरिता : ती आठ महिने होती इथं. मी आठ वर्षं उभी आहे तुमच्या बाजूले.

भागीरथाबाई : हे पाय, माह्यं सोवळं लय कडक. सासूनं लावून देल्लं. मी माह्या सुनेले बी हात लावू देत नाही. थे माह्यं अन् देवाचं आहे, त्यात तू नाही, अन् तुही जात तं मुळीच नाही. मी आली नव्हती का तुह्या पोरीच्या बारशाले?

सरिता : आल्या होत्या. टोपडं आणलं होतं लोकरीचं, अजून आहे. पाणी नाही घेतलं.

भागीरथाबाई : गुरुवार होता.

सरिता : दिवाळीत आल्या तेव्हा एकादशी होती. वार अन् तिथ्या मिळून तुमचे महिन्याचे किती दिवस मोकळे राह्यतात, एकदा लिहून द्या मले. त्याच दिवशी बोलवीन.

भागीरथाबाई : टोमणे नको मारू वो. मी आली ना आज तुह्यासाठी? बोलावलं तं आली. सून म्हणत होती, कशाले जाता, तुमची दोन वर्षं उरली नोकरीची, कोपऱ्यात बसून काढा.

सरिता : आल्या, म्हणून तं आशा आहे. तुमच्याबिगर कोणाजवळच नाही हे. पुढच्या महिन्यात भांडे धुवाची मशीन येऊन राह्यली, माहीत आहे ना? मदतनीस सगळे कमी होणार. ठेकेदाराची यादी बनली. मी स्वयंपाकीत राह्यली तं राहीन, मदतनिसात राह्यली तं गेली. तक्ता चुकीचा होता, जातीवरून लावला होता, असं समितीनं लिहिलं तरच मले शेगडीवर परत घेतीन.

भागीरथाबाई : देव पाह्यल सगळं.

सरिता : माह्या मायनं याच दवाखान्याची फरशी पुसली सव्वीस वर्षं. मले स्वयंपाकाच्या कोर्सले पाठवलं तं मले म्हणे, तू चुलीपाशी उभी राह्य, लोक तुह्या हातचं खातीन. अन् खाल्लं ना लोकायनं? उपासाची ताटं आठ वर्षं मीच केली. एका पेशंटनं ताट परत नाही पाठवलं.

भागीरथाबाई : तुह्या हाताले चव आहे. मी नाही कुठं म्हणते?

सरिता : तुमाले कशी माहीत?

भागीरथाबाई : लोक सांगतात ना.

रुपेश : भागीरथाबाई कोण? चला, मॅडमनं बोलावलं.

भागीरथाबाई : आली बाबू. चपला बाहेर काढू का?

रुपेश : देऊळ नाही काकू, मीटिंग रूम आहे. राहू द्या पायात.

भागीरथाबाई : नाही, काढतेच. देवाशपथ घ्या लागंल ना?

रुपेश : शपथ वगैरे काही नाही. विचारलं ते सांगायचं.

सरिता : काकू, गुंजनचं विसरू नका.

(भागीरथाबाई आत जातात. दार लोटलं जातं. रुपेश बाकावर बसतो, सरितापासून एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.)

सरिता : रुपेशभाऊ, तुम्ही आत नाही बसत?

रुपेश : मी क्लर्क. मॅडम स्वतःच लॅपटॉपवर जबाब लिहून घेतात. माझं काम बोलवायचं, प्रिंट काढायची, सही घ्यायची.

सरिता : काय वाटते तुमाले?

रुपेश : माझ्या वाटण्याला इथं कोण विचारतं ताई.

सरिता : मी विचारून राह्यली ना.

रुपेश : मग खरं सांगू? तुम्ही तीन महिने पहिलेच घालवले. पहिला अर्ज दिला महिलांच्या समितीत. ती समिती वेगळ्या तक्रारींची. बाईमाणसाला कोणी तसलं बोललं, हात लावला, त्याची.

सरिता : मले काय माहीत? साऱ्या दवाखान्यात तक्रार समितीचा बोर्ड तेवढा एकच होता. बाथरूमच्या बाजूले. नाव अन् फोन नंबर लिहून होते, तिथं देल्ला. त्या बाईनं मले खुर्चीवर बसवलं, चहा देल्ला. विचारलं, कोणी अंगाले हात लावला का? मी म्हटलं, नाही मॅडम, माह्या हाताचाच झगडा आहे.

रुपेश : काय म्हणाल्या?

सरिता : तीन महिन्यांनी चिठ्ठी आली, विषय आमच्या कक्षेत नाही म्हणून. मंग पोलीस ठाण्यात गेली. तिथं विचारलं, चारचौघात जातीचं नाव घेऊन कोणी बोललं का? मी म्हटलं, नाव कोणीच नाही घेतलं साहेब. घेतलंच नाही, हेच तं सांगाले आली. ते म्हणे, मग लिहू काय?

रुपेश : बरोबर आहे त्यांचं बी. लिहिणार काय?

सरिता : अन् ठेकेदार म्हणते, कोणाले कुठं उभं करायचं ते दवाखाना ठरवते. दवाखाना म्हणते, ही आमची कर्मचारी नाही, ठेकेदाराची आहे. मी कोणाची आहे मंग?

रुपेश : या समितीत तरी घेतला अर्ज, हेच खूप समजा. दोन वर्षांआधी दवाखान्याला कुठलं तरी मानांकन पाहिजे होतं, तपासणीवाले आले होते बाहेरून. त्यांच्या यादीत होतं, समान संधीचं धोरण आहे का. म्हणून समिती बनवली. लिफ्टजवळ तो बोर्ड नाही का, संस्थेत धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव केला जात नाही. तो मीच टाईप केला. नेटवरून काढून.

सरिता : चांगला केला. अक्षरं मोठी आहेत.

रुपेश : तुमचा हा पहिलाच अर्ज आहे त्या समितीकडं. आतापर्यंत फाईल कोरी होती.

सरिता : तक्ता कोणी टाईप केला होता? उपवास करणाऱ्या रुग्णांच्या व कर्मचाऱ्यांच्या भावना लक्षात घेऊन, असं वर लिहिलेला?

रुपेश : कोणता तक्ता?

सरिता : तुमाले माहीत आहे कोणता.

रुपेश : मीच केला. आदेश सरांनी कच्चं लिहून दिलं, मी टाईप केलं. रोज पन्नास कागद करतो ताई मी.

सरिता : माह्यं नाव हौदाखाली टाईप करताना काही वाटलं नाही?

रुपेश : वाटलं ना. एक मिनिट थांबलो. मग चहा आला.

सरिता : आपण एकाच वस्तीतले, म्हणून विचारलं.

रुपेश : म्हणूनच हळू बोला. इथं मी फक्त रुपेशसर आहे. आडनाव कोणी लावत नाही अन् मी बी आठवण देत नाही. माझा डबा मी टेबलावरच खातो, कॅन्टीनमध्ये जात नाही. अकरा वर्षं झाली. कोणी विचारलं तर म्हणतो, ॲसिडिटी आहे.

सरिता : आहे का?

रुपेश : आता झाली.

सरिता : तुम्ही साक्ष देसान का? तक्ता कसा आला, काय बोलले सर, एवढंच?

रुपेश : आदेश सर काहीच बोलले नव्हते. कागद दिला, म्हणाले आज लावून टाक. सांगायला काही आहेच नाही माझ्याजवळ. अन् असतं तरी नसतं दिलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. माझ्या दोन पोरी शिकून राह्यल्या.

सरिता : माह्यी एक आहे.

रुपेश : माहीत आहे. मी म्हणतो समजोता करा. ठेकेदाराची दुसरी साईट आहे समुद्रपूरला, होस्टेलची मेस. तिथं टाकायला सांगतो. आपल्या हिंगणीहून लांब पडेल, पण काम तर राहील.

सरिता : पहाटं चारले निघा लागंल. अन् तिथं गेली तं इथल्या कागदावर काय राह्यल? का बाई आपल्या मर्जीनं गेली.

रुपेश : कागदावर तसंच राहील.

सरिता : मी थांबते. काकू सांगतीन. देवभोळ्या आहेत, पण लबाड नाहीत. माह्या मायच्या शेवटच्या दिवसात रोज वॉर्डात वरण घेऊन येत. चमच्यानं पाजत. मायच्या हाताले धरून बसत.

रुपेश : उपासाच्या दिवशी बी?

सरिता : ते मी पाह्यलं नाही.

रुपेश : तुमच्या अर्जात एक वाक्य आहे ताई. काल फाईल लावताना वाचलं. ते कशाला टाकलं तुम्ही?

सरिता : कोणतं?

रुपेश : यात भागीरथाकाकूंचा काही दोष नाही.

सरिता : मंग? दोष तक्त्याचा आहे. लोक काकूले बोल लावतीन, या वयात त्यायले कोणी काही म्हणू नये, म्हणून टाकलं. मी समाजातल्या वकिलाले बी दाखवला नाही अर्ज, तो हे वाक्य खोडंल म्हणून.

रुपेश : त्यानं खोडलंच असतं.

सरिता : काऊन?

रुपेश : दार उघडलं. मी प्रिंट घेऊन येतो.

सरिता : काकू, बसा. पाणी देऊ का? नाही, राहू द्या. तुमची बाटली कुठं आहे?

भागीरथाबाई : पिशवीत आहे. मी घेते. तू बस.

सरिता : घाम आला तुमाले. काय विचारलं?

भागीरथाबाई : चांगल्या आहेत गं मॅडम. खुर्ची देल्ली. म्हणे, आजी, भिऊ नका. किती उपास करता विचारलं. मी सांगतले सगळे. एकजण म्हणे, आमच्या आईचे बी असेच होते.

सरिता : मंग?

भागीरथाबाई : मंग विचारलं, त्या दिवशी काय झालं. मी सगळं सांगतलं, जसं तुह्यापुढं म्हटलं तसं. भगर लागत होती, सरितानं वाचवली, थे बी सांगतलं. त्यायनं लिहून घेतलं.

सरिता : अन् गुंजनचं?

भागीरथाबाई : थे त्यायनं विचारलं नाही.

सरिता : विचारलं नाही, पण तुम्ही सांगाचं ना काकू.

भागीरथाबाई : सांगणार होती. तोंडावर आलं होतं माह्या. तेवढ्यात मॅडमनं तुहा अर्ज काढला अन् वाचून दाखवला. यात भागीरथाकाकूंचा काही दोष नाही. मॅडम म्हणे, पाहा आजी, तक्रार करणारी स्वतःच म्हणते तुमचा दोष नाही. तुम्ही कशाले घाबरता? माह्या डोळ्याले पाणी आलं सरिता. तू माह्यासाठी एवढं लिहिलं. मंग त्याच्यावर मी कसं म्हणू, का नाही मॅडम, आहे माहा दोष?

सरिता : तेच म्हणाचं होतं.

भागीरथाबाई : तूच तं नाही म्हटलं.

सरिता : मी प्रेमानं म्हटलं होतं काकू.

भागीरथाबाई : माहीत आहे ना मले. म्हणून तं रडू आलं.

सरिता : अजून काय विचारलं?

भागीरथाबाई : विचारलं, तुम्ही हे जातीवरून म्हटलं का? मी म्हटलं, नाही. माह्या मनात जात कधी आली नाही. नेम आला फक्त. हे खरंच आहे ना. नेम मोडला, त्याचं वाईट वाटलं, एवढंच.

सरिता : गुंजननं हलवली तेव्हा नाही मोडला.

भागीरथाबाई : रात्री झोपताना मी विचार केला त्याचा. काल नाही, लय दिवसांपासून करून राह्यली. तेव्हा काऊन नाही मोडला, माह्या ध्यानातच नाही आलं बघ. तिनं झाकण ठेवलं अन् मी ताट घेतलं. मधात काही विचारच नव्हता. अन् तू उतरवलेला गंज पाह्यला अन् अंगावर काटा आला. थे बी विचार करून नाही आलं. आपोआप आलं. मी काय करू सांग.

सरिता : हेच. हे असंच्या असं आत सांगा. यापरीस जास्त काही नको.

रुपेश : काकू, जबाब आणला. वाचून दाखवतो, मग सही करा. ऐका. मी, भागीरथाबाई, वय सत्तावन्न, पद स्वयंपाकी, विचारल्यावरून सांगते की, मी दररोज व्रत व नेम पाळते. उपवासाचे माझे भांडे मी वेगळे ठेवते. सदर दिवशी सरिता यांनी सद्हेतूने भांडे उतरविले. मी त्यांना हात न लावण्याची विनंती केली. ती माझ्या वैयक्तिक धार्मिक नेमामुळे केली, जातीच्या कारणावरून नाही. कामाच्या तक्त्याबाबत मी कोणालाही काही सांगितले नाही. याशिवाय मला काही सांगायचे नाही.

सरिता : शेवटची ओळ काकू बोलल्या का?

रुपेश : ती सगळ्याच जबाबाखाली असते. फॉर्मॅट आहे तो.

सरिता : खोडता येते?

रुपेश : सही व्हायच्या आधी येते. काकूंना अजून सांगायचं असेल तर मी यांना परत आत नेतो. मॅडम आहेत अजून. पाच मिनिटांचं काम. एकदा सही झाली की मग नाही.

सरिता : काकू.

भागीरथाबाई : काय?

सरिता : ऐकलं ना? पाच मिनिटांचं काम आहे.

भागीरथाबाई : ऐकलं.

सरिता : आत्ता मले जे सांगतलं तेच. मी येऊ का दारापर्यंत?

भागीरथाबाई : एकोणचाळीस वर्षं झाली सरिता. लग्न होऊन आली तशी सासूनं माह्या हातात तो गंज देल्ला. पाणी तोंडात घ्याच्या आधी तुळशीले घालते मी. तापात सोडलं नाही, बाळंतपणात सोडलं नाही. मालक गेले त्या वर्षी बी सोडलं नाही. माह्याजवळ दुसरं काय आहे? शिक्षण नाही, जमीन नाही. अन् आता चार लोकायपुढं सांगू, का त्याच्यात हे बी होतं?

सरिता : हो.

भागीरथाबाई : थे कागदावर राह्यल. सून वाचंल. आदेश सर वाचतीन.

सरिता : राह्यल. माह्यं बी राह्यलंच ना भिंतीवर.

भागीरथाबाई : माह्यानं होत नाही.

सरिता : माह्यं काम जाईल काकू.

भागीरथाबाई : नक्की जाईल?

सरिता : जाईल.

भागीरथाबाई : मी आजपासून तुह्या नावानं देवाले...

सरिता : देवाले नका सांगू. त्याले माहीत आहे. मॅडमले माहीत नाही.

रुपेश : काकू, लवकर सांगा. मॅडमची गाडी लागली खाली, त्यांना वर्ध्याला जायचं आहे. आत न्यायचं का तुम्हाला?

भागीरथाबाई : तू काय म्हणतो बाबू?

रुपेश : मी काहीच म्हणत नाही काकू.

सरिता : त्यायले नका विचारू.

भागीरथाबाई : मले गरगरून राह्यलं. उपाशी आहे ना. आज नको. आज माह्यानं दारातून बी जाववणार नाही.

सरिता : उद्या मॅडम नाहीत.

भागीरथाबाई : पेन दे बाबू.

रुपेश : घ्या. चष्मा लावा.

भागीरथाबाई : घरीच राह्यला घाईत. कुठं करू सही?

रुपेश : खाली, उजव्या बाजूला. नाही, तिथं नाही. तो शिक्का आहे. एक मिनिट, मॅडमचा फोन आला. हो मॅडम. हो, होऊनच राह्यली सही. लगेच आणतो.

भागीरथाबाई : सगळं पांढरंच दिसते माय. कुठं आहे रेघ?

सरिता : इथं काकू. माह्या बोटापाशी.

भागीरथाबाई : बोट बाजूले घे बाई. दिसून नाही राह्यलं.